ब्लॉग व समाजमाध्यमांद्वारे लघुव्यवसायाचे विपणन

लहान व्यावसायिकाने आपल्या मालाविषयी व कसबाविषयी ब्लॉगवर लेखन करून, त्याचा प्रसार समाजमाध्यमांतून करून गिऱ्हाईक मिळवण्याची व टिकवण्याची पद्धत. पैसे मोजून दिलेली जाहिरात हिला पूरक असते. खरे भांडवल मालकाचा वेळ व त्याचे धंद्यातले ज्ञान हेच असते.

संज्ञा व उगम : ‘वेबलॉग’ ही संज्ञा जॉर्न बार्गर याने डिसेंबर १९९७ मध्ये प्रथम वापरली, याविषयी फारसा मतभेद नाही. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ याने गमतीने तिची फोड ‘वी ब्लॉग’ अशी केली व ‘ब्लॉग’ हे लघुरूप रुळले. मराठीत ‘अनुदिनी’ व रोजनिशीच्या धर्तीवर घडवलेला ‘जालनिशी’ हे शब्द सुचवले गेले. व्यवहारात मात्र ‘ब्लॉग’च चालतो. वाद आहे तो पहिला ब्लॉग कोणता यावर. जस्टिन हॉल याने १९९४ मध्ये सुरू केलेल्या वैयक्तिक संकेतस्थळाला काही जण हा मान देतात, तर काहींच्या मते तारीखवार, नवी नोंद वर अशी मांडणी आल्याखेरीज ब्लॉग म्हणता येत नाही. विपणनाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक उपयोगी आहे, कारण शोधयंत्राला व वाचकाला प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र, कायम पत्ता मिळणे हाच या पद्धतीचा कणा आहे.

अशा माहितीपर विपणनाचा उगम याहून मागे नेण्याची प्रथा आहे. शेती-अवजारे बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीचे १८९५ पासूनचे ‘द फरो’ हे नियतकालिक किंवा १९०० मधील मिशेलिन टायर कंपनीची प्रवासपुस्तिका ही आद्य उदाहरणे म्हणून दिली जातात. माल विकण्याआधी उपयुक्त माहिती द्यावी, हे तत्त्व दोन्हींत आहे खरे. पण वाचकाने जाहीरपणे उलट बोलण्याची सोय त्यांत नव्हती. त्यामुळे त्यांना पूर्वसुरी म्हणणे ठीक, आरंभ म्हणणे अतिव्याप्त ठरते.

साधनांचा विस्तार : ब्लॉगर ही सेवा ऑगस्ट १९९९ मध्ये व वर्डप्रेस ही प्रणाली मे २००३ मध्ये आली. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने व्यवसायांसाठी ‘पेज’ची सोय दिली. हॅशटॅगची सूचना क्रिस मेसिना याने ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर केली. इन्स्टाग्राम (ऑक्टोबर २०१०) व व्हॉट्सॲप बिझनेस (जानेवारी २०१८) ही नंतरची भर.

लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने नव्या सेवांपेक्षा मजकुराच्या क्रमवारीतील बदल महत्त्वाचे ठरले. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये कालानुक्रम सोडला. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम जाहीर केला. पेजला अनुयायी कितीही असले तरी नोंद सर्वांना दिसेलच असे नाही, ही स्थिती तेव्हापासून पक्की झाली. शिवाय माध्यमे बंदही पडतात : जिओसिटीज २००९ मध्ये, व्हाइन २०१७ मध्ये, सामान्य वापरकर्त्यांचे गूगल प्लस २०१९ मध्ये. म्हणून मूळ लेखन स्वतःच्या डोमेनवर (स्वतःच्या नावे नोंदवलेल्या जालपत्त्यावर) ठेवावे व समाजमाध्यमाला वाट दाखवणारी पाटी मानावे, या मताकडे जाणकारांचा कल आहे. फक्त समाजमाध्यमावर चालणारे धंदे आहेतच. पण तेथील जुनी नोंद शोधून वर काढणे मालकालाही जड जाते.

लेखन : विषय गिऱ्हाइकाच्या प्रश्नांतून घ्यावेत. दुकानात किंवा फोनवर जे तीनदा विचारले गेले, त्यावर एक लेख. एका लेखात एकच प्रश्न व त्याचे उत्तर पहिल्या परिच्छेदात. किंमत कशावर ठरते, माल कशाने खराब होतो, दुरुस्ती कधी परवडत नाही, हे विषय मालक टाळतो आणि वाचक नेमके तेच शोधतो. आरंभी रोज लिहून दोन महिन्यांत थांबण्यापेक्षा पंधरवड्याला एक लेख वर्षभर चालवणे फलदायी. छायाचित्राची रुंदी सु. १,२०० पिक्सेल व वजन २०० केबीच्या आत राखल्यास मोबाइलवर पान रखडत नाही. दरपत्रक नुसते चित्र म्हणून टाकू नये : त्यातील अक्षरे मजकूर म्हणून शोधात सापडतीलच याचा भरवसा नसतो व अंध वाचकाच्या वाचनप्रणालीला ती मिळत नाहीत.

देवनागरी पत्त्याची अडचण : मराठीत ब्लॉग चालवणाऱ्यास ही हमखास भोवते. लेखाचे शीर्षक देवनागरीत असले की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीतच बनवते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे होत. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० जागांची मर्यादा घालते, त्यात जेमतेम २२ चिन्हे मावतात. ‘लाकडी खेळण्यांची निगा कशी घ्यावी’ हे शीर्षक त्यामुळे ‘कशी’च्या वेलांटीआधीच तुटते. असा पत्ता निरोपात पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ उमटते व वाचणाऱ्याला तो फसवा दुवा वाटतो. उपाय सोपा आहे : प्रकाशित करण्यापूर्वी पत्त्याच्या चौकटीत तीन-चार शब्द रोमन लिपीत लिहावेत. प्रकाशनानंतर पत्ता हाताने बदलल्यास जुन्यावरून नव्याकडे ३०१ क्रमांकाचे कायम पुनर्निर्देशन चालू आहे ना, ते तपासावे. नाहीतर आधी वाटलेले दुवे मरतात.

प्रसार : दुवा टाकल्यावर दिसणारे चित्र व शीर्षक पानाच्या संहितेतील ओपन ग्राफ (२०१०) या खुणांतून येते. चित्राचे रूढ माप १,२०० × ६३० पिक्सेल. चित्र बदलूनही जुनेच दिसत असेल तर फेसबुकने आधीची प्रत साठवलेली असते. त्याच्या दुवा-तपासणी साधनात पत्ता देऊन ती ताजी करून घ्यावी लागते. इन्स्टाग्रामवर नोंदीखालच्या मजकुरातील दुवा दाबता येत नाही, तो खात्याच्या परिचयात द्यावा लागतो. व्हॉट्सॲपची प्रसारण-यादी २५६ जणांपुरती असते व ज्याने व्यावसायिकाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. यादी मोठी, प्रतिसाद शून्य, याचे कारण बहुधा हेच. म्हणून पहिल्या व्यवहारातच क्रमांक साठवण्याची विनंती करावी.

मापन : पसंतीच्या खुणा मोजणे सोपे, म्हणून त्याच मोजल्या जातात. विक्रीशी संबंध लावायचा तर दुव्याला यूटीएम खुणा, म्हणजे वाचक कोठून आला हे सांगणारे पत्त्याच्या शेवटचे शब्द, जोडाव्यात. या नावातील पहिले अक्षर ‘अर्चिन’चे, ही कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली. स्रोत, माध्यम व मोहीम या तीन खुणा लहान धंद्याला पुरतात. चुका दोन ठरलेल्या आहेत. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर वेगळे धरले जात असल्याने एकच स्रोत अहवालात दोनदा येतो. सर्व नावे लहान अक्षरांत ठेवावीत. दुसरी, संकेतस्थळाच्या आतल्या दुव्यांना या खुणा लावल्या की वाचक मुळात कोठून आला, त्या नोंदीत गोंधळ होतो. व्हॉट्सॲपमधून आलेला वाचक खुणेविना पुष्कळदा ‘थेट’ म्हणून नोंदला जातो.

नियमन : मोबदला घेऊन लिहिलेल्या शिफारशीत तसे स्पष्ट नमूद करावे, हे तत्त्व अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनांतून ब्लॉगलेखकांना लागू केले. पैशाऐवजी फुकट वस्तू दिली तरी ते लागू होते. सशुल्क दुव्यांसाठी गूगलने २००५ मधील ‘नोफॉलो’ (हा दुवा शिफारस धरू नये असे शोधयंत्राला सांगणाऱ्या) खुणेला २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ या खुणेची जोड दिली.