भुरी की डावणी? आधी पान उलटं करा

छाटणीनंतर द्राक्षबागेत पानावर पांढरं दिसलं की पहिला फोन औषधाच्या दुकानात जातो. ‘पांढरं आलंय’ एवढ्यावर पलीकडून औषध सांगितलं जातं. पण पांढरं दोन रोगांत दिसतं, भुरी आणि डावणी. मागे ओळखीतल्या एका बागायतदाराने असंच भुरीचं औषध, गंधक, दोनदा मारलं. रोग होता डावणी. घड कुजून गळाले आणि गंधकाचं बिल तेवढं राहिलं.

डावणीला पुस्तकात केवडा म्हणतात. तिचा डाग पानाच्या वर उमटतो, तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट. पांढरं मात्र त्याच डागाच्या बरोबर खाली, पानाच्या पाठीवर, पिंजलेल्या कापसासारखं. ही वाढ पानाच्या आत होते आणि बीजाणू धरायला पर्णरंध्रांतून बाहेर येते; ती रंध्रं बहुतेक पाठीवरच असतात. आपण हिला बुरशी म्हणतो खरं, पण नात्याने ती खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या एका गटाला जवळची. तिच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात, त्या हलवत ते पानावरच्या पाण्यातून पोहत रंध्र गाठतात. पान कोरडं असेल तर पोहणार कशात? म्हणून पावसानंतर, दाट दव पडलेल्या सकाळी हिची भीती.

भुरीचं सगळं उलट. चुलीतली राख भुरभुरावी तशी ती पानावर बसते, वर आणि खाली दोन्हीकडे. बोट फिरवलं की बोटाला लागते. ही खरी बुरशी, पण राहते कातडीवरच. फक्त वरच्या पेशींत सोंडा खुपसून रस ओढते. हिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात फुटून मरतात. हिला हवं ढगाळ, दमट, पण न भिजलेलं वातावरण आणि ऊन न पोचणारी दाट कॅनोपी, म्हणजे वेलीवरचा पानांचा पसारा. कोवळ्या मण्यावर आली की साल वाढायची थांबते, आतला गर वाढतच राहतो आणि मणी तडकतो.

औषधंही म्हणूनच वेगळी. फ्रान्समधल्या बोर्दोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड चोरू नयेत म्हणून. त्या वेलींची पानं डावणीतून वाचलेली दिसली, आणि 1885 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी त्याचा उपाय मांडला. तेच आपलं बोर्डो मिश्रण. भुरीवर त्याचा फारसा जोर नाही, तिला गंधक. आणि गंधक डावणीचं काहीही वाकडं करत नाही. शिवाय पारा पस्तिशीकडे असताना मारलं तर पानंच भाजतात.

तरी शंका उरली, तर पिवळ्या डागाचं पान तोडून ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. डावणी असेल तर सकाळी डागाखाली ताजा कापूस उगवलेला असतो.