विद्यापीठ आवारातील खुल्या जागेचे वाय-फाय

विद्यापीठाच्या इमारतींबाहेर, म्हणजे रस्ते, पायवाटा, झाडांखालचे कट्टे, मैदाने आणि वसतिगृहांमधली मोकळी जागा येथे वायरलेस इंटरनेट पोहोचवण्याची ही व्यवस्था आहे. घरातले वाय-फाय ज्या ८०२.११ मानकावर चालते तेच येथेही वापरतात. उपकरणांची बांधणी, अँटेना आणि मुख्य म्हणजे आखणी मात्र वेगळी असते.

नाशिकमध्ये गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) आहे. या दोन्हींचे बहुतेक विद्यार्थी राज्यभरातल्या अभ्यासकेंद्रांत आणि संलग्न महाविद्यालयांत शिकतात. कागदपत्रांच्या कामासाठी एका दिवसापुरता आलेला विद्यार्थी इमारतीबाहेर थांबूनच फोनवर अर्ज उघडतो. अशा आवारात खुल्या जागेचे नेट ही चैन नव्हे, ती कामकाजाचीच गरज आहे.

रेंज कमी पडली की जास्त ताकदीचा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) उंच गच्चीवर बसवावा, असे अनेकांना वाटते. संभाषण दोन्ही बाजूंनी चालते हे त्यात विसरले जाते. भारतात वाय-फायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे आणि त्यात १ वॉटपर्यंतचा ट्रान्समीटर, अँटेनाने एका दिशेला केलेली वाढ धरून ४ वॉट इतकी मर्यादा आहे. फोनची ताकद मात्र साधारण वॉटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यामुळे दूरच्या मैदानात फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा दिसतात, पण फोनचे उत्तर गच्चीपर्यंत पोहोचत नाही आणि पान उघडत नाही. अँटेना चांगला असेल तर हे क्षीण उत्तर थोडे अधिक स्पष्ट ऐकू येते. नुसती ताकद वाढवून काहीच साधत नाही. म्हणून एका मोठ्या उपकरणाऐवजी पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, लोक जिथे खरोखर बसतात त्या दिशेला तोंड करून, कमी ताकदीची अनेक उपकरणे लावणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

उपकरणे वाढली की ती एकमेकांच्या आड येतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी १, ६ आणि ११ क्रमांकांची तीनच चॅनेल (पट्ट्याचे उपभाग) मिळतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत आणि २०१८ च्या अधिसूचनेने त्या पट्ट्याचा मोठा भाग खुल्या जागेसाठीही परवानामुक्त झाला. त्या लहरी त्याच अंतरात जास्त क्षीण होतात. गर्दीच्या कट्ट्यावर ही गोष्ट उपयोगीच पडते, कारण शेजारच्या उपकरणाला त्रास होत नाही.

पावसाच्या धारांनी या लहरींचे फारसे बिघडत नाही. ओल्या पानांनी बिघडते. पानगळीच्या दिवसांत मोजलेली रेंज पावसाळ्यात दाट, भिजलेल्या झाडांमागे निम्मीही उरेल याची खात्री नसते. नाशिकसारख्या ठिकाणी मोजणी श्रावण-भाद्रपदात करावी, किंवा आधीच केली असेल तर त्या दिवसांत पुन्हा करावी. दोन इमारती वायरलेस दुव्याने जोडायच्या असतील तर नुसती समोरची इमारत दिसणे पुरत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या आसपास १ किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर सरळ रेषेभोवती साडेतीन मीटरांहून अधिक त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्याचा बराचसा भाग मोकळा असावा लागतो. आज त्याखाली असलेले झाड चार वर्षांनी त्यात शिरते.

तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच चालते. तिच्यातूनच उपकरणाला वीजही देता येते, त्यामुळे दिव्याच्या खांबावर वेगळी वीजजोडणी लागत नाही. त्यापुढच्या अंतरासाठी फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकावे. नाशिकचा काळा बेसाल्ट फोडून चर खणणे खर्चिक असते, म्हणून रस्त्याचे किंवा पाण्याच्या नळाचे काम निघाले की त्याच चरात रिकामी पाइप टाकून ठेवणे शहाणपणाचे. फायबरचा दुसरा मोठा लाभ म्हणजे काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा खांबावरच्या केबलमधून आलेला झटका पार सर्व्हर खोलीपर्यंत जाऊ शकतो. तांब्याची केबल असेल तिथे सर्ज प्रोटेक्टर (असा झटका अडवणारे साधन) आणि नीट केलेले अर्थिंग यांत काटकसर करू नये. उपकरणाची पेटी आयपी ६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी रोखणारी, असली तरी पाणी बहुधा केबलच्या जोडातून शिरते. केबलला जोडाखाली वळसा दिला की थेंब तिथूनच गळून पडतात.

प्रवेशासाठी विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना प्रत्येकी स्वतंत्र नाव आणि पासवर्ड देतात. सर्वांचा एकच पासवर्ड ठेवला तर तो काही दिवसांत गावभर होतो. पाहुण्यांसाठी मोबाइलवर ओटीपी पाठवून चालणारे, अंतर्गत नेटवर्कपासून तोडलेले वेगळे जाळे असते. इतर संस्थांतील प्राध्यापक-संशोधकांसाठी एज्युरोम ही आंतरराष्ट्रीय सेवा आहे, भारतात ती अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारी सरकारी संस्था चालवते. तीत सहभागी संस्थेचा माणूस आपल्याच विद्यापीठाच्या खात्याने दुसऱ्या सहभागी विद्यापीठाच्या आवारात जोडला जातो.