सॅफो लक्षणसमूह : औषधोपचार

हाडे, सांधे व त्वचा यांना एकत्र किंवा मागेपुढे ग्रासणाऱ्या दुर्मिळ दाहविकारावरील उपचार. सांध्याच्या अस्तराचा दाह, मुरमे, तळहात-तळपायांवर पुवाचे फोड, हाडाची अतिवाढ व अस्थिदाह ही विकाराची पाच अंगे; त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘सॅफो’ (SAPHO). ती सर्व एकाच रुग्णात आढळतातच असे नाही. उरोस्थी व गळ्याचे हाड ही मुख्य स्थाने. शामो व इतर फ्रेंच वैद्यांनी १९८७ मध्ये विकाराला हे नाव दिले. जपानी वैद्यकातील वर्णने बहुधा १९६० नंतरच्या दशकाअखेरची आहेत.

कारणाविषयी मतभेद आहेत आणि औषधाची निवड त्यांवरच अडते. काही रुग्णांच्या हाडात क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा मुरमांचा जीवाणू सापडल्याने मंदगती संसर्गाचा पक्ष पुढे आला. तथापि पुष्कळ नमुने निर्जंतुक निघतात, शिवाय हा जीवाणू निरोगी त्वचेवरही असतोच. २००९ मधील एका जर्मन अभ्यासात ॲझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके १६ आठवडे दिल्यावर दाह उतरला, पण औषध थांबताच सुधारणा ओसरली. ही औषधे मुळात दाहशामकही असल्याने त्यावरून संसर्ग सिद्ध होत नाही. विकार स्वयंदाही (शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेतून दाह उसळणारा) असून जीवाणू फार तर निमित्त ठरतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

प्रारंभी नॅप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिन यांसारखी वेदनाशामके देतात; स्टेरॉइड थोड्या काळापुरते. सांधे धरले असल्यास मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, तेही आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यास जिवावर बेतते. हाडाच्या वेदनेवर शिरेतून दिलेले पॅमिड्रोनेट हे हाडाची झीज रोखणारे औषध पुष्कळदा गुणकारी ठरते. त्याआधी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व तपासावे लागते. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब या दाह वाढवणारा टीएनएफ हा घटक अडवणाऱ्या जैविक औषधांनी हाडे सुधारतात, क्वचित फोड मात्र उलट बळावतात. सेक्युकिनुमॅब, टोफासिटिनिब या दाह रोखणाऱ्या इतर औषधांचा आधार रुग्णवृत्ते व छोट्या अभ्यासांपुरता आहे.

सोलापूरसारख्या विडी व यंत्रमाग कामगारांच्या शहरात तळहातावरचे फोड कामाचे, तर गळ्याच्या हाडाची सूज क्षयाची समजली जाण्याचा संभव असतो. इन्फ्लिक्सिमॅब गटातील औषधांनी सुप्त क्षय उफाळू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे व मॅन्टू चाचणी (क्षयासाठीची त्वचाचाचणी) आधी करून घेतात. प्रतिजैविकांपैकी डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशीपार जातो, तेव्हा हे औषध सुरू असलेल्याने अंग झाकूनच बाहेर पडावे. तळहातांच्या फोडांचा धूम्रपानाशी निकटचा संबंध असल्याने विडी-सिगारेट सोडणे हाही उपचाराचाच भाग मानतात.