'पालकांनी लक्ष द्यावे': एलडीच्या सवलती आणि शाळेतले पालक, मागचं सगळं

आमच्या वेळी वर्गात दोनच जाती, हुशार आणि ढ. पोरगं तोंडी विचारलं तर सगळं घडाघडा सांगतंय पण वाचताना ओळ सुटते, जोडाक्षर आलं की अडतं, फळ्यावरचं उतरवताना निम्मं गाळतं, अशा पोराला आळशी म्हणायचे आणि विषय संपला. पालकांचा शाळेशी संबंध म्हणजे प्रगतीपुस्तकावर सही, नाहीतर "उद्या वडिलांना घेऊन ये".

1995 ला केंद्राने अपंगांसाठी कायदा केला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते पण अध्ययन अक्षमता म्हणजे आपण ज्याला एलडी म्हणतो (बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं) ती नव्हतीच. यात महाराष्ट्र मात्र पुढे निघाला, हे मान्य करायला पाहिजे. 1996 पासून दहावीच्या बोर्डाला एलडीच्या मुलांना सवलती मिळायला लागल्या, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन पण मुंबईत त्याच वर्षी सुरू झाली. सवलती काय, तर ज्यादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, स्पेलिंगच्या चुका सोडून द्यायच्या, एक भाषा कमी करून कार्यानुभव घ्यायचा, आणि बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीच्या लेव्हलचं गणित. कित्येक पोरं यावर दहावी निघाली, नाहीतर 17 नंबरचा फॉर्म (शाळेबाहेरून परीक्षेला बसायचा) ठरलेला होता.

पण नीट बघितलं तर ही सगळी सोय परीक्षेच्या हॉलमधली आहे, वर्गातली नाही. आणि माझ्या मते घोळ इथूनच सुरू झाला, कारण सवलत दहावीला म्हटल्यावर शाळेलाही जाग नववीत येते, आणि पालकांना बोलावणं येतं ते "एलडीचं सर्टिफिकेट आणा" सांगायला.

2009 चा शिक्षण हक्क कायदा आला (लागू 1 एप्रिल 2010 पासून) आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, सदस्यांत निम्म्या बायका असं ठरलं. चांगलंच झालं की. पण तो कायदा आठवीपर्यंत, आणि विनाअनुदानित शाळांना ही समिती लागूच नाही. म्हणजे जिथे पोराला खरी धडकी भरते त्या नववीत हा हक्क संपतो. माध्यमिकला केंद्राच्या वेगळ्या योजना होत्या, त्या 2018 ला समग्र शिक्षा या एकाच योजनेत गेल्या. पालक-शिक्षक संघाला राज्याच्या 2011 च्या कायद्याने बळ दिलं, तो प्रत्यक्षात यायला 2014 उजाडलं, पण तो कायदा फी ठरवण्याचा! त्यामुळे मीटिंगला पालक येतात, फीवर, बसवर तावातावाने बोलतात, पण वर्गात मागे पडणाऱ्या पोराबद्दल चारचौघात कोण तोंड उघडणार.

2016 च्या दिव्यांग कायद्याने प्रकार सातचे एकवीस केले, एलडी त्यात आली, आणि 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क (किमान 40 टक्के अपंगत्व असेल तर) एलडीच्या मुलांनाही मिळाला. कागदावर नववी-दहावीचं भगदाड बुजलं. सर्टिफिकेटची रांग मात्र आहेच, आधी डोळे आणि कान तपासा, मग आयक्यू, मग वाचन-लेखन-गणिताची टेस्ट, मुंबईत यासाठी सायन, नायर, केईएम या हॉस्पिटलांची नावं पालकांना पाठ असतात.

माझ्या भाच्याचं असंच, शाळेचं नाव घेत नाही, नववीच्या दिवाळीनंतर सांगितलं की याची टेस्ट करून घ्या. बहीण दोन महिने सुट्ट्या टाकून फाईल घेऊन फिरली. हॉस्पिटलात विचारलं जुन्या वह्या आहेत का, पाचवी-सहावीच्या. कुठल्या असणार, दरवर्षी मे महिन्यात रद्दीवाला घेऊन जातो. सगळं घर उचकल्यावर पाचवीची मराठीची एक वही सापडली, ती पण मागच्या कोऱ्या पानांवर बहीण दुधाचा हिशोब लिहायची म्हणून वाचलेली. पुढच्या पानांवर शुद्धलेखन, अर्ध्याहून जास्त शब्द अडखळलेले, आणि बाईंनी लाल पेनने तीन वेळा लिहिलेलं, पालकांनी लक्ष द्यावे.

तिन्ही ठिकाणी खाली बहिणीची सही आहे.