खडकाला एकच वय नसतं

‘अमुक खडक १८० कोटी वर्षांचा’ अशी बातमी वाचली की मला विचारावंसं वाटतं, त्यातल्या कोणत्या खनिजाचं हे वय? जमिनीखाली वीस-पंचवीस किलोमीटरवर, सहाशे-सातशे अंश सेल्सिअसला भाजून निघालेला रूपांतरित खडक वर येता येता कोट्यवधी वर्षं निवत असतो. त्यातल्या खनिजांची घड्याळं, म्हणजे किरणोत्सारी क्षयावरून वय सांगणारी मोजणी, एकाच वेळी सुरू होत नाहीत.

काळा अभ्रक, म्हणजे बायोटाइट घ्या. त्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतो. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. क्षय पावणाऱ्या दर शंभर अणूंपैकी साधारण अकरांचा आरगॉन-४० होतो, उरलेल्यांचं कॅल्शियम. (हवेतला जवळजवळ सगळा आरगॉन असाच जन्मला आहे!) आरगॉन निष्क्रिय वायू, तो कुणाशीच बंध जोडत नाही, स्फटिकात नुसता अडकून असतो. स्फटिक तापलेला असेपर्यंत तो जागा बदलत कडेला पोचतो आणि निसटतो. जेवढा तयार होतो तेवढा जातो, घड्याळ शून्यावरच राहतं. पण या सरकण्याचा, म्हणजे विसरणाचा, वेग तापमानाशी घातांकी नात्याने बांधलेला आहे: बायोटाइट ३५० अंशांवरून ३०० वर आला की वेग वीसपटीहून जास्त घटतो. दार जणू लागतंच, आणि तिथून पुढे साठलेल्या आरगॉनवरून वय काढता येतं. भूवैज्ञानिक मार्टिन डॉडसन यांनी १९७३ मध्ये या ‘बंद होण्याच्या तापमाना’चं समीकरण मांडलं. कण मोठा असेल किंवा खडक झपाट्याने निवत असेल, तर दार जास्त तापमानालाच लागतं.

बायोटाइटसाठी हे तापमान सुमारे ३०० अंश, हॉर्नब्लेंड या दुसऱ्या गडद खनिजासाठी ५०० च्या आसपास. झिरकॉन या खनिजात युरेनियमच्या क्षयातून साठलेलं शिसं तर ९०० अंशांनाही सहसा हलत नाही, म्हणून झिरकॉन स्वतःच्या वाढीची वेळ सांगतो.

समजा, एकाच खडकात हॉर्नब्लेंडचं वय १७० कोटी आणि बायोटाइटचं १६० कोटी वर्षं निघालं. म्हणजे २०० अंश उतरायला १० कोटी वर्षं लागली. दहा लाख वर्षांना दोन अंश. खोलीबरोबर तापमान किलोमीटरला २५ अंशांनी वाढतं असं धरलं, तर वरचं आवरण झिजून खडक वर्षाला ०.०८ मिलिमीटर वर आला.

‘कोट्यवधी वर्षांची ऊर्जा साठवलेले’ म्हणून स्फटिक विकले जातात, त्याला कसलाही आधार नाही. या स्फटिकांत मोजता येण्याजोगं जे साठलं आहे, ते आरगॉन आणि शिसं.

लागलेलं दार पुन्हा उघडूही शकतं. नंतर कधी जवळ शिलारस घुसला आणि खडक दीर्घकाळ ४०० अंशांवर राहिला, तर बायोटाइटमधला आरगॉन निघून जातो. हॉर्नब्लेंड बहुधा तसाच राहतो. अशा खडकातलं बायोटाइटचं वय त्या नंतरच्या तापण्याचं असतं, मूळ रूपांतरणाचं नव्हे.