रानमोडी आणि रानाचा खालचा मजला

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे रानातल्या फळा-शेंगांची टांगती आरास, बांधायची तर घागऱ्या लागतात, कवंडळं लागतात, कांगलां, कुड्याच्या शेंगा, नागकुड्याची फळं लागतात. यातलं बरंचसं उंच वृक्षांवर मिळत नाही. वेली, झुडपं, पावसाळी रोपं असा रानाचा जो खालचा मजला आहे, तिथलं हे धन. रानमोडी आणि घाणेरी या बाहेरून आलेल्या झुडपांचा पहिला घाव त्याच मजल्यावर पडतो. वरची झाडं उभी असतात, त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला डोंगर हिरवागारच दिसतो.

दोन्ही झुडपं मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणला, म्हणून गोव्यात हीसुद्धा त्यांच्याबरोबरच आली असावीत असं सहज वाटतं. पण त्यांची नोंदलेली वाट कलकत्त्यावरून येते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घाणेरी तिथल्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली गेली, आणि रानमोडी त्याच शतकाच्या मध्यावर आली. घाणेरीची काळी फळं बुलबुलांनी सगळीकडे पेरली. रानमोडी मात्र बराच काळ बंगाल-आसामच्या बाजूला राहिली आणि १९४०च्या दशकात केरळात पोचली. ईशान्येच्या आघाडीवरून परतलेल्या सैनिकांच्या सामानातून बी आलं, असं सांगतात. तेव्हा तिथे कम्युनिस्ट चळवळ पसरत होती, म्हणून लोकांनी तिला 'कम्युनिस्ट पच्चा' म्हटलं. आपल्याकडचं नाव मला जास्त नेमकं वाटतं: रान मोडते ती रानमोडी.

तिच्या बारीक बियांना केसांचा तुरा असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या वाऱ्यावर घाटभर फिरतात. दाट सदाहरित रानात त्यांचं काही चालत नाही, कारण उगवायला उजेड लागतो. तो उजेड माणसाने दिला. कुमेरीसाठी, म्हणजे फिरत्या शेतीसाठी, जाळून पडीक सोडलेले उतार, काजूच्या बागायतीसाठी साफ केलेले डोंगर, विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली-सांगे भागात वाढलेल्या खाणी, त्यांचे रस्ते. या फटींतूनच ती आत शिरली.

पुढचं नुकसान हळू होतं. कळलावी, मुसळी, रानसुरण, तेरें यांचे कंद वर्षभर जमिनीत दबून असतात आणि पहिल्या पावसाबरोबर कोंब काढतात. त्यावेळी डोक्यावर रानमोडीचं जाळं तयारच असतं. ऊन न मिळाल्याने पानं नीट अन्न करत नाहीत, कंद दरवर्षी थोडा बारीक होतो, फूल येत नाही, बी धरत नाही. वृक्षांची रोपंही अशीच खुरटतात. रानमोडीच्या पानांतले रस दुसऱ्या बियांची उगवण दाबतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. रानात मात्र सावलीचा परिणाम किती आणि रसाचा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चरण्याचा सगळा भार उरलेल्या गावठी रोपांवर येतो. शिवाय उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काड्या आगीला वाट करून देतात. वणव्यात कोवळी रोपं मरतात, ती मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते. प्रत्येक वणवा तिच्या पथ्यावर पडतो.

शेजारच्या कर्नाटकात, बिळिगिरीरंगन डोंगरात १९९७ आणि २००८ साली केलेल्या मोजण्यांत घाणेरीने व्यापलेल्या जागा जवळजवळ दुप्पट झालेल्या आढळल्या. घाणेरीवर सोडायला १९४१ साली एक कीटक देशात आणला होता. तो पसरला, पण घाणेरी हटली नाही.

नुसती कोयती चालवूनही रानमोडी हटत नाही. कापल्यावर उजेड पडतो आणि मातीतलं तिचंच बी आधी उगवतं. पाऊस ओसरताना, फुलं येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटायला हवी, आणि तेही सलग काही वर्षं. मोकळ्या झालेल्या जागेत कंद जिवंत असेल तर पुढच्या पावसात कळलावी आपणहून वर येते. कंदच संपला असेल, तर तो दुसऱ्या रानातून आणून लावावा लागतो.