कॅल्क्युलेटरवरचा भाव आणि रुमालाखालची बोटं

सांगली-मिरजेहून हल्ली थायलंड, दुबई, तुर्कस्तानच्या सहली भरून निघतात. परत आलेल्या माणसाकडून देखाव्यांची वर्णनं थोडी आणि बाजाराची जास्त ऐकायला मिळतात. तो किती म्हणाला, आपण किती म्हणालो, शेवटी कितीला ठरलं! आमच्या मिरजेच्या मामी बँकॉकच्या चातुचाक बाजारातून पिशव्या घेऊन आल्या. मामींना इंग्रजी येत नाही, थाई तर दूरच. दुकानातल्या बाईनं कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून पुढं केला. मामींनी तो पुसून आपला टाकला. असं चार वेळा झालं आणि सौदा पटला. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

हे ऐकताना मला आजोबांची आठवण झाली. खरसुंडीच्या जत्रेत त्यांनी खिलार खोंड असाच न बोलता घेतला होता. फक्त तिथं कॅल्क्युलेटरच्या जागी रुमाल होता.

जनावरांच्या बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि शेतकरी एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. या बोटांच्या भाषेला मराठीत करपल्लवी असा सुंदर शब्द आहे. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. कमी भाव सांगितला तरी चारचौघांत कुणाचा अपमान होत नाही.

ही रीत किती जुनी, याचा एक चांगला पुरावा आहे. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात विजापूर आणि गोवळकोंड्याकडच्या हिऱ्यांच्या खाणींवर येत असे. मिरज तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीतच होतं. त्यानं लिहून ठेवलंय की व्यापारी समोरासमोर बसतात, कमरेच्या शेल्याखाली हात घेतात आणि मुकाट्यानं सौदा करतात. अख्खा हात धरला की 1000, पाच बोटं धरली की 500, एक बोट म्हणजे 100, मधल्या पेरापर्यंत धरलं तर 50 आणि नुसतं टोकाचं पेर धरलं तर 10. हात जितक्या वेळा दाबला तितके हजार. आखाती देशांतल्या मोत्यांच्या व्यापारातही कापडाखालचा असाच सौदा चालत असे.

या रुमालाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जनावर विकणारा शेतकरी निदान स्वतःचा हात रुमालाखाली घालतो. शेतमालाच्या बाजारात मात्र बऱ्याचदा हात दलालाचा आणि खरेदीदाराचा असे, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा. म्हणूनच मुंबई प्रांतात 1939 साली आणि पुढं महाराष्ट्रात 1963 साली कायदे झाले, बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलाव हा नियम झाला. आज सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे सगळ्यांच्या कानांदेखत पुकारले जातात. हा बदल व्हायलाच हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा धागा, ठरलेल्या किमतीचा. आपल्याकडची शिकलेली पोरं परदेशात भाव करायला लाजतात. भाव करणं मागासलेपणाचं, असं त्यांना वाटतं. पण वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायची पद्धत माणसाच्या व्यापारात बरीच उशिरा आली. जपानात मित्सुई ताकातोशी यानं 1673 साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, कापडाचं दुकान काढलं आणि पुढं रोख पैसे, एकच भाव हा नियम घातला. त्याआधी कापडवाले श्रीमंतांच्या घरी माल नेत आणि उधारीवर देत, म्हणून भाव फुगवलेलाच असे. इंग्लंडात त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी एकच किंमत सांगायला सुरुवात केली. घ्यायचे आठ आणि सांगायचे बारा, हे त्यांच्या लेखी खोटं बोलणं होतं. पॅरिसमध्ये 1852 नंतर बूसिको यांच्या बाँ मार्शे या दुकानानं छापील किंमत रुजवली. त्याचं कारण सरळ आहे. मालक स्वतः गल्ल्यावर असेल तर भाव कमी-जास्त करेल, शेकडो नोकरांच्या हाती ते कसं सोपवणार? आपल्याकडे तर वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापणं 1990 च्या सुमारास सक्तीचं झालं. म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत.

इस्तंबूलचा मोठा झाकलेला बाजार याच्या कितीतरी आधीचा. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेद सुलतानानं दोन-तीन वर्षांतच त्याचं काम सुरू केलं. आज तिथं सुमारे 4000 दुकानं आहेत. पूर्वी तिथले व्यापारी लाकडी बैठकीवर बसत, गिऱ्हाईकाला शेजारी बसवत आणि मग बोलणी चालत. आपली गादी-तक्क्याची पेढी आठवते ना? शब्दही ओळखीचे. दुकानाला 'द्युक्यान', घासाघिशीला 'पाझारलुक'. बाजार, दुकान, किंमत, नफा हे शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेनं आले, तिकडे त्यांचीच भावंडं नांदतात.

चातुचाक त्या मानानं कोवळा. बँकॉकचा हा शनिवार-रविवारचा बाजार आधी राजवाड्याजवळच्या मैदानात भरे, 1982 मध्ये आत्ताच्या जागी आला.

दुबईच्या सोनेबाजारात मात्र सगळा जोर एका जागी लावावा लागतो. सोन्याचा दर दिवसाचा ठरलेला असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. सराफकट्ट्यावर वाढलेल्या सांगलीच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. आपली माणसं आकडा कबूल करतात आणि मग पाठ फिरवून पुढच्या दुकानात जातात. आजोबांच्या बाजारात हे चालत नव्हतं. विसार दिला की रात्रीतून भाव चढो वा पडो, माणूस शब्दाला बांधलेला असे. तोच शब्द परक्या देशातल्या फेरीवाल्यालाही पाळायला हवा.

मामी पुढच्या वर्षी इस्तंबूलला निघाल्यात. तिथं दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'सिफ्ताह' म्हणतात. आपल्याकडे म्हणतात ना, भवानीची वेळ आहे, घेऊनच जा, तसंच. म्हणून मी मामींना सांगितलंय, दुकान उघडता उघडता जा.